तांदूळ भरले

नुव्वलवलसा
९ जानेवारी

चलपती,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. आधी नीट बसून वाच. मला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. पस्तीस वर्षं या गावचं पोस्ट सांभाळलंय मी. कागदावर लिहिलेलं कुणाला 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणून नाकारता येत नाही. आणि या प्रकरणात तर फोननंच घात केलाय.

आपली शेजारीण पैडम्मा. तुझी आई आजारी होती तेव्हा सहा महिने जिच्या घरी तू जेवलास, ती. तिचे रेशनचे तांदूळ बंद झालेत. तिच्या नवऱ्याला, अप्पन्नाला, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला हे तुला कळवलं होतं. त्याला धड गिळता येत नाही. आंबील पातळ असते, ती उलट चढते आणि जीव जायची वेळ येते. पैडम्मा मऊ भात बोटांनी कुस्करून भरवते, तेवढाच काय तो पोटात जातो. म्हणजे त्या घरात तांदूळ हेच त्याचं औषध आहे.

झालं काय, डिसेंबरात तुमच्या त्या 'अन्नवाणी'चा फोन आला. गोड गळ्याची बाई. ती बाई नव्हे, यंत्र आहे, हे आम्हाला नंतर कळलं. तिनं विचारलं, घरात तांदूळ आहेत का? पैडम्मानं काय ते उत्तर दिलं. या महिन्यात रेशनची गाडी आली, हिनं अंगठा लावला, तर गाडीवाला म्हणतो, 'तुमचं घर भरलेलं आहे, तांदूळ बंद.' भरलेलं! अरे, त्या घरात पाण्याची मडकी सोडली तर काही भरलेलं नाही!

मी तिला घेऊन ग्रामसचिवालयात गेले. तिथली मौनिका चांगली पोर आहे. ती म्हणाली, 'आजी, पूर्वी माझ्याकडे दुरुस्तीचं बटण होतं. आता ते काढून घेतलंय. सगळं यंत्रच ठरवतं.' मग मला म्हणाली, 'तुमचा भाचाच त्या अन्नवाणीच्या मिशनचा उपसंचालक आहे ना?'

मान खाली घातली मी. मावशी म्हणून सगळ्या गावाला मी पेढे वाटले होते तुझ्या त्या नेमणुकीचे. संक्रांत पाच दिवसांवर आलीय, आणि पैडम्माकडे सणाच्या गोड अरिसेलूंच्या पिठापुरतेसुद्धा तांदूळ नाहीत. काय ते बघ आणि लगेच लिही.

तुझी पिन्नी,
सुभद्रा


विजयवाडा
१९ जानेवारी

पिन्नी,

नमस्कार. पत्र सुट्टीनंतर हातात पडलं. टपालानं पत्र आलंय म्हटल्यावर आमच्या ऑफिसातली पोरं बघायला गोळा झाली! तू फोन उचलत नाहीस म्हणून मीही कागदच पाठवतोय.

तुझा राग मी समजू शकतो, पण थोडं माझंही ऐक. लोकसेवेत कृत्रिम बुद्धिमत्ता आणायला केंद्रानं निधी दिला, त्यात सगळ्यात मोठा वाटा आपल्या राज्याला मिळाला. तो प्रस्ताव मी लिहिला होता. पूर्वी चौकशीला माणूस यायचा, चहा प्यायचा आणि सरपंचाच्या मेहुण्याला गरीब ठरवून जायचा. आठवतं ना? यंत्राला मेहुणा नसतो, पिन्नी. ते विचारतं, ऐकतं आणि लिहून घेतं. ज्यांच्या घरी तांदूळ आहेत त्यांचे थांबवायचे आणि गरजूंना द्यायचे, इतका सरळ हेतू आहे. शंभरातली सत्त्याण्णव उत्तरं यंत्राला बरोबर कळतात.

पैडम्मा अत्ता, मामीच ती माझी, बहुधा पुटपुटली असेल, किंवा मागे टीव्ही चालू असेल. सचिवालयातून पुन्हा फोन लावायची सोय आहे. मौनिकाला सांगून लावून घे. मोठ्यानं, स्पष्ट बोलायला सांग. आठवड्यात काम होईल.

मार्चमध्ये दिल्लीची तपासणी समिती येणार आहे. त्यांच्या अहवालावर निधीचा दुसरा हप्ता ठरेल, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही. हिमबिंदू आणि पोरगी, दोघी तुझी आठवण काढतात. तब्येतीला जप.

तुझा,
चलपती


नुव्वलवलसा
२६ जानेवारी

चलपती,

तुझ्या सोयीप्रमाणे केलं. सोमवारी मी, पैडम्मा आणि मौनिका सचिवालयात बसलो. मौनिकानं फोनचा आवाज मोठा केला. झालेलं सगळं जसंच्या तसं लिहिते, अक्षर गाळत नाही.

यंत्र म्हणालं, 'नमस्कारम् अम्मा, मी अन्नवाणी. तुमच्या घरात तांदूळ आहेत का?'

पैडम्मानं पदर सारखा केला, पाहुणी दारात आल्यासारखा. म्हणाली, 'भरले गं अम्मा.'

'छान! कधी भरले?'

'झाला की महिना.'

'महिनाभर तुमच्याकडे तांदूळ भरलेले आहेत. आणखी काही सांगायचं आहे?'

'आणखी काय सांगू बाई? डबाही भरला, मडकंही भरलं. माझ्या म्हाताऱ्याकडे बघवत नाही.'

'अभिनंदन अम्मा! तुमचं घर स्वयंपूर्ण आहे. दोनदा खात्री झाल्यामुळे ही नोंद आता कायम करत आहोत. म्हाताऱ्यांच्या आरोग्यासाठी शुभेच्छा.'

मौनिकानं कपाळावर हात मारला. मी तर खुर्चीतून उठलेच.

ओरेय, निंडुकुन्नायि! तांदूळ निंडुकुन्नायि, भरले! तुला आता तुझी मायबोली शिकवायची का मी? तांदूळ संपले की आपल्याकडे कुठली बाई 'संपले' म्हणते? घरातल्या लक्ष्मीला आपल्याच तोंडानं 'तू नाहीस' म्हणायचं? म्हणून 'भरले' म्हणायचं. दिवा विझला तर दिवा डोंगर चढला म्हणतो. मंगळसूत्र तुटलं तर वाढलं म्हणतो. उद्या तुमचं यंत्र दिव्याला हुडकायला डोंगरावर माणसं पाठवील, आणि ज्या बाईचं मंगळसूत्र वाढलं तिला सोन्यावरचा कर लावील!

एवढा निधी, एवढी हुशार माणसं, तो थंडगार कचेरीतला कारभार, आणि त्यात एकालाही आपल्या आईच्या स्वयंपाकघरातला एक शब्द येऊ नये?

सध्या मी माझ्यातले तांदूळ पैडम्माला देते. पण हे अप्पन्नाला सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात राबला, पण कुणाच्या घरचा घास त्यानं फुकट घेतला नाही. रेशनचे तांदूळ तो हक्काचे मानतो. शेजारचे आहेत हे कळलं तर तोंड उघडणार नाही. म्हणून पैडम्मा त्याला रोज खोटं सांगते, 'कार्डाचेच आहेत हो.' आयुष्यात ती बाई कधी नवऱ्याशी खोटं बोललेली नाही.

आता तुला चूक कळली ना? कर दुरुस्त.

सुभद्रा


विजयवाडा
८ फेब्रुवारी

पिन्नी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तू म्हणतेस ते खरं आहे. शब्दाचा अर्थ यंत्राकडे उलटा गेलाय.

पण दुरुस्ती तितकी सोपी नाही. यंत्राची शब्दसूची समितीच्या तपासणीसाठी गोठवली आहे. एक शब्द बदलला तरी सगळ्या चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात, आणि चाचण्या पुन्हा घ्यायच्या म्हणजे चूक होती असं लिहून द्यायचं. निधीची अट अशी आहे की एकतीस मार्चपर्यंत शंभरातली नव्वद घरं माणसाचा हात न लागता यंत्रानं हाताळलेली दिसली पाहिजेत. त्यात खंड पडला तर दुसरा हप्ता जातो. त्या हप्त्यावर नुसतं रेशन नाही, दवाखान्यांची आणि पेन्शनची कामंही अवलंबून आहेत. एप्रिल उजाडला की पहिलं काम हेच करेन, शब्द देतो.

तोवर एक साधा उपाय आहे. पैडम्मा अत्ताला सांग, फोन आला की फक्त 'लेवु' म्हणायचं. 'नाहीत.' एकच शब्द. यंत्राला तो चोख कळतो. एवढ्यासाठी कशाला अडून बसायचं?

सोबत दोन हजारांची मनीऑर्डर करतोय. अप्पन्ना मामय्यासाठी चांगले, जुने तांदूळ घे. आणि पिन्नी, ही शब्दाची गोष्ट सध्या आपल्यातच राहू दे.

तुझा,
चलपती


नुव्वलवलसा
१४ फेब्रुवारी

उपसंचालकगारू,

आपली मनीऑर्डर परत केली आहे. या पोस्टात मी पस्तीस वर्षं लोकांना मनीऑर्डरी दिल्या, घराघरात पैसे मिळाल्याचा आनंद पाहिला. तोंड बंद ठेवायला पाठवलेली मनीऑर्डर पहिल्यांदाच पाहिली.

'आपल्यातच राहू दे' म्हणे! तुझं पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी पायात चपला घातल्या आणि माझ्या जुन्या टपालवाटेनं निघाले. सहा वाड्या. गुडघे दुखतात, पण रस्ता पायांना पाठ आहे. प्रत्येक घरात विचारलं, यंत्राला काय सांगितलंत? एक्केचाळीस घरांचे तांदूळ बंद आहेत, चलपती. एक्केचाळीस! आणि एकूण एक घरात फोन बाईनं घेतला होता आणि तिनं 'भरले' म्हटलं होतं. जिथं पुरुषानं घेतला आणि 'नाहीत, काय करायचंय?' म्हणून खेकसला, तिथं तांदूळ चालू. चार शिव्या दिल्या असत्या तर जास्त मिळाले असते की काय कोण जाणे.

पैडम्माला मी तुझा उपाय सांगितला. ती म्हणाली, 'वदिना, माझी सासू दुष्काळात उपाशी मेली. पण मरतानाही चुलीपुढे नाही हा शब्द तिनं काढला नाही. मी एका फोनसाठी काढू?' वर मलाच समजावते, 'पोराला कामाचा ताण असेल, त्याला रागावू नका.' तुझ्या वाट्याची लाजसुद्धा तीच वाहतेय.

एप्रिलमध्ये करेन म्हणतोस. भूक तुमचं आर्थिक वर्ष बघून लागते का रे?

मौनिकाकडून एक गोष्ट कळली. यंत्राला शिकवलेले बोलीतले शब्द कुणीतरी तपासून, खाली सही करून दिले होते. आपल्या किनाऱ्याकडचे शब्द कुणी तपासले? कोण तो शहाणा? नाव कळव. मला त्याला पत्र लिहायचंय.

सुभद्रा


विजयवाडा
१ मार्च

पिन्नी,

त्याला पत्र लिहायची गरज नाही. तू त्यालाच लिहिते आहेस.

सही माझी आहे. गेल्या वर्षीचा एकतीस मार्च होता. पहिला हप्ता त्या दिवशी खर्ची पडला नाही तर परत जाणार होता. तीन हजार शंभर शब्दांची यादी समोर आली. उत्तर किनाऱ्याचा माणूस ऑफिसात मी एकटा. दुपारी तीनला बसलो आणि पाचला सही केली.

तू म्हणशील घाईत नजरेतून सुटलं. तसं झालं असतं तर मला झोप लागली असती. पण मी ती ओळ वाचली होती. 'भरले: पुरेसा साठा आहे.' वाचली आणि पुढे गेलो, काही खटकलंच नाही. लहानपणी पैडम्मा अत्ता कुंपणावरून आईला हाक मारून म्हणायची, 'अक्का, तांदूळ भरले.' ते ऐकलं की आई भांडं भरून तांदूळ माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, पळ. सहा वर्षांचा असताना मला तो शब्द कळत होता. इथं आमच्याकडे एक पोतं संपायच्या आधी दुसरं येतं. वीस वर्षांत या घरात तो शब्द कुणाला उच्चारावा लागला नाही, आणि मी तो विसरून गेलो.

हे मी अजून इथं कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर नोकरीवर येईल. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे.

पण मी मधला मार्ग काढलाय. निधीत लाभार्थी-प्रशिक्षणाचं एक कलम आहे, त्यातली रक्कम तशीच पडून होती. पाच तारखेला तुमच्याकडे एक वर्ग ठेवतोय. त्या एक्केचाळीस जणींना यंत्राशी कसं बोलायचं ते शिकवतील आणि तिथूनच फोन लावून देतील. एका दिवसात सगळ्यांचे तांदूळ सुरू होतील. सगळ्या मिळून म्हटलं की कुणा एकीला अवघड वाटणार नाही, असं मला वाटतं.

तुझा,
चलपती


नुव्वलवलसा
१२ मार्च

चलपती,

झाला तुझा वर्ग. मी पुढच्याच बाकावर होते.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई शहरातून आली. भिंतीवर कापडी फलक लावला, बिस्किटांचे पुडे वाटले. मग ध्वनिक्षेपक हातात घेऊन म्हणाली, 'अम्मांनो, सगळ्यांनी माझ्यामागे म्हणा: घरात तांदूळ नाहीत!' एकही ओठ हलला नाही. बायकांनी तोंडाला पदर लावले. ती पुन्हा म्हणाली, 'लाजू नका. मोठ्यानं! तांदूळ नाहीत!' नरसयम्माची सून कडेवर पोर घेऊन बसली होती. तिनं आधी पोराचे कान झाकले. ती बाई चिडली. 'तुमच्या भल्यासाठी सरकार इतका खर्च करतंय आणि तुम्हाला एक शब्द बोलता येत नाही?'

तेव्हा पैडम्मा उठली. म्हणाली, 'पोरींनो, तुमच्या घरात लेकरंबाळं आहेत. तुमच्या तोंडून नको. माझ्या घरात आता काय राहिलंय? आणा ते फोन इकडे.'

आणि तिनं एकेकीचा फोन हातात घेतला. यंत्र विचारायचं, तांदूळ आहेत का? ही म्हणायची, 'नाहीत.' फोन खाली ठेवायची, दोन्ही गालांवर चापट्या मारून देवीची क्षमा मागायची, की पुढचा फोन. चाळीस बायकांसाठी चाळीस वेळा. शेवटी स्वतःचा फोन घेतला आणि एक्केचाळिसाव्यांदा म्हणाली, 'माझ्या घरात तांदूळ नाहीत.' तिचे गाल लाल झाले होते. मौनिका बाहेर जाऊन रडत उभी राहिली. शहरातल्या बाईनं मात्र टाळ्या वाजवायला लावल्या आणि फोटो काढला.

यंत्राला या वेळी सगळं बरोबर ऐकू आलं. इतकं बरोबर, की सगळीकडे आवाज एकच आहे हेही त्यानं ओळखलं! पाच दिवसांनी एक शिपाई नोटीस घेऊन पैडम्माच्या दारात आला. तिला वाचता येत नाही म्हणून त्यानंच वाचून दाखवली, गल्लीला ऐकू जाईल अशी. 'एकाच व्यक्तीनं एक्केचाळीस घरांच्या नावे खोटी माहिती देऊन शासनाची फसवणूक केली. सर्व एक्केचाळीस कार्डं स्थगित. जानेवारीपासून सदर घरास धान्य देय नसताना पुन्हा मागणी केली. फौजदारी कारवाई का करू नये, याचा सात दिवसांत खुलासा करावा.'

आत खाटेवर अप्पन्ना पडला होता. जीभ जड आहे त्याची, पण कान शाबूत आहेत. त्यानं पैडम्माला हाक मारली आणि विचारलं, 'जानेवारीपासून मी कुणाचा भात खातोय?' तिला खोटं बोलता आलं नाही.

त्या दिवसापासून त्यानं तोंड मिटलंय. मी जाऊन पाया पडले त्याच्या. म्हटलं, अण्णय्या, मी बहीण ना तुमची? डोळ्यांतून पाणी आलं, पण भिंतीकडे वळवलेली मान त्यानं वळवली नाही. आज तिसरा दिवस. नर्सबाईनं सलाईन लावलं, ते त्यानं बऱ्या हातानं उपसून टाकलं.

चोर ठरवलंत तुम्ही तिला! जिनं तुला भरवलं, तिला चोर!

आता मी सांगते ते कर. तुझ्या घरी जा. तुझ्या भरल्या पोत्यासमोर, बायकोसमोर, पोरीसमोर उभा राहा आणि मोठ्यानं म्हण, 'घरात तांदूळ नाहीत.' एकदाच म्हण. एक्केचाळीस वेळा म्हणू नकोस. आणि मग मला कळव, कसं वाटलं ते.

सुभद्रा


विजयवाडा
२० मार्च

पिन्नी,

तू सांगितलंस ते केलं. म्हणजे करायला गेलो.

सकाळी हिमबिंदू डबा भरत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, एक शब्द तर आहे. 'घरात तांदूळ ना...' एवढंच बाहेर पडलं. हिमबिंदूनं हातातला डाव टाकला आणि माझ्या तोंडावर हात दाबला. तिचा जन्म विजयवाड्यातला, शिक्षण इंग्रजीतलं, घरात असलं काही आम्ही पाळत नाही. तरी तिनं हात काढला नाही. 'सकाळच्या पारी काय अभद्र बोलताय? काय झालंय तुम्हाला?' मी तिथंच खाली बसलो. मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'मग अजून घरात काय करताय?'

त्याच दिवशी दिल्लीची समिती सभागृहात बसली होती. माझ्या हातात पडद्यावर दाखवायची आकड्यांची फाईल होती. मी ती उघडलीच नाही. उभ्यानं सांगितलं, 'हा शब्द चुकीचा आहे, खालची सही माझी आहे, आणि या एका शब्दामुळे राज्यात चौदा हजार सहाशे घरांचे तांदूळ बंद आहेत.' संचालक माझा शर्ट मागून ओढत होते. समितीतला एक जण म्हणाला, 'हे चहाच्या वेळी सांगता आलं नसतं का?' तरी मी लेखी टिपण दिलं आणि पोच घेतली. तू शिकवलेलं पोच घेणं कामी आलं.

दुसरा हप्ता थांबला आहे. मला मिशनमधून काढून जुन्या दप्तरांच्या खात्यात टाकलंय, खातेचौकशी होईल. होऊ दे. पैडम्मा अत्ताची नोटीस रद्द झाल्याचा आदेश सोबत जोडला आहे, शिक्क्यासह. एक तारखेच्या गाडीला सगळ्या एक्केचाळीस घरांचे तांदूळ येतील, मागच्या तीन महिन्यांचेही. मौनिकाला तिचं बटण परत मिळेल.

अप्पन्ना मामय्याला सांग, हे तांदूळ त्याच्याच हक्काचे आहेत. शेजारचे नाहीत, माझेही नाहीत. आता त्यानं जेवावं. मी हात जोडून सांगतोय म्हणून सांग.

तुझा,
चलपती


नुव्वलवलसा
२ एप्रिल

चलपती,

तू ते पत्र लिहिलंस तेव्हा अप्पन्ना जाऊन दोन दिवस झाले होते. अठरा तारखेला, सकाळी नऊला. तुला तार करावी असं मनात आलं, पण तारखातं तुम्ही लोकांनी केव्हाच बंद केलंय, आणि फोनला हात लावायची मला इच्छा नव्हती.

काल रेशनची गाडी आली. तू लिहिल्याप्रमाणे एक्केचाळीस घरांचे तांदूळ आले, मागच्यासकट. पैडम्माच्या दारात दोन माणसांचे तांदूळ उतरवून गेले. ते पोतं ओट्यावरच आहे. तिनं आत घेतलेलं नाही.

तू शेवटी बोललास, ते मी वाचलं. तुझी आई असती तर तिला बरं वाटलं असतं. मला वाटत नाही. तीन महिने होते तुझ्याकडे. पेपरात हेही वाचलं की थांबवलेला हप्ता केंद्रानं सोडला, वर यंत्राची भाषा सुधारायला आणखी मदत दिली. घ्या! यंत्र चुकलं म्हणून यंत्राला खाऊ मिळाला. ज्या बायकांची भाषा ते शिकणार, त्यांना विचारायला अजून कुणी आलेलं नाही.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही.

पैडम्मा बोलत नाही फारशी. बोलते तेव्हा एकच बोलते. 'वदिना, मी चुलीवरच्या लक्ष्मीला नाही म्हटलं. चाळीस वेळा लोकांच्या घरासाठी म्हटलं ते तिनं माफ केलं. एक्केचाळिसाव्यांदा माझ्या घराचं नाव घेऊन म्हटलं, ते लागलं. मीच खाल्लं माझ्या माणसाला.' मी समजावलं, ओरडले, तिला धरून हलवलं. म्हटलं, अगं वेडे, तुझ्या जिभेनं नाही, त्या नोटिशीनं गेला तो, आणि ती नोटीस ज्या सहीमुळे आली ती सही माझ्या भाच्याची आहे! तिला पटत नाही. मग मी तुझी सही कबूल केलेली दोन्ही पत्रं आणून तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. तिनं शांतपणे ऐकलं. आणि म्हणाली, 'पोरगं गुणाचं आहे हो. मला बरं वाटावं म्हणून माझं पाप आपल्या अंगावर घेतंय.'

जन्मभर मी लोकांना पत्रं पोचवली. हे माझ्याकडून पोचत नाही.

तेव्हा रजा मिळते का बघत बसू नकोस. पहिल्या गाडीनं ये. माझ्याकडे उतरू नकोस, सरळ तिच्या ओट्यावर जा. तिच्यासमोर खाली बस, तिचे हात धर आणि सांग की हे तू केलंस. रडू नकोस, क्षमा मागू नकोस. ती लगेच क्षमा करील, आणि पुन्हा सगळं स्वतःवर घेईल. नुसतं सांग. तिला पटेपर्यंत सांग, एक्केचाळीस वेळा सांगावं लागलं तरी सांग. तिला पटल्याशिवाय तिथून उठायचं नाहीस.

सुभद्रा